सतरा नंबरचं पाकीट

बीजकेंद्रात तिला सगळे चिमटी म्हणायचे. नाव पडलं ते हातातल्या हत्यारावरून. बी मोजायचं, उलटं करून बघायचं, कोंब फुटलेलं बाजूला काढायचं, हे सगळं ती चिमट्यानेच करायची आणि चोवीस वर्षं करत आली होती. पुढे नावाचा अर्थ बदलला. कुणी पाकिटावर तारीख टाकायला विसरलं, कुणी ओल्या हाताने बरणी उघडली, की ती असं काही बोलायची की ते माणूस दोन दिवस तिच्या खोलीकडे फिरकत नसे. तोंडावर कुणी चिमटी म्हणायचं नाही, आणि पाठीमागे दुसरं कुणी काही म्हणायचं नाही. तिला ते माहीत होतं. तिला त्याचं काही वाटायचं नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती.

केंद्राचं काम एका ओळीत सांगण्यासारखं होतं. पाऊस कमी, जमीन खडकाळ, अशा मुलखात तगून राहिलेल्या तीस बाभळी निवडलेल्या. पाच नंबरची खडकाच्या चिरेत वाढलेली, अकरा नंबरच्या खोडाला कधी भुंगा लागला नाही, सतरा नंबरची खारपड जमिनीवर उभी, जिथे गवतही धड उगवत नाही. प्रत्येकीच्या बुंध्याला पिवळा पट्टा आणि त्यावर नंबर. दरवर्षी प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या तोडायच्या, बी वेगळ्या पाकिटात घालायचं, शीतखोलीत वेगळ्या बरणीत ठेवायचं. एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही. कुठली बाभूळ उद्या कुठे उपयोगी पडेल ते आज कुणाला सांगता येत नाही, म्हणून सगळ्या ठेवायच्या. शीतखोली लहान, बरण्या तीसच. नवं बी चाचणीत पास झालं की जुनं रोपवाटिकेकडे द्यायचं आणि बरणी रिकामी करायची, हा नियम. चाचणी तिच्याकडे होती.

बी गोळा करणारे होते तिचे थोरले दीर. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. उंच, लांब ढांगांचा माणूस. तरुणपणी एका दिवसात चार टेकड्या पालथ्या घालून संध्याकाळी परत ऑफिसात हजर, अशी त्यांची ख्याती होती. तिला केंद्रात चिकटवलं ते त्यांनीच, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. नवा शिपाई आला तरी पहिल्या आठवड्यात त्याला कळायचं, "ती चाचणीवाली ना, तिला मीच लावली इथे. लग्न होऊन आली तेव्हा हिला फॉर्म भरता येत नव्हता."

बारा वर्षं तिने हे ऐकून घेतलं. मग एकदा दादांनी आणलेल्या शेंगांना बुरशी लागलेली निघाली, तेव्हा तिने सगळ्यांसमोर ती पाकिटं त्यांच्या टेबलावर नेऊन टाकली आणि म्हणाली, "कुजकं उचलून आणायला जीप कशाला लागते? सायकलवरही आणता येतं." त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलायचे बंद झाले. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. घर एकच, मधे भिंत, दोन स्वयंपाकघरं, मागच्या अंगणात नळ एकच. तिला काही सांगायचं झालं तर ती समोर असतानाही दादा तिच्या नवऱ्याला सांगत, "तिला सांग, दिवा चालू राहिलाय." नवरा वेल्डिंगच्या दुकानात कामाला. दिवसभर ठिणग्यांत राहून आल्यावर घरी त्याला शांतता हवी असायची, आणि ती त्याला कधी मिळाली नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला चाचणीचं कपाट बिघडलं. बी टिपकागदावर मांडलेल्या काचेच्या बशा त्या बंद, उबदार कपाटात सात दिवस ठेवायच्या, सातव्या दिवशी मोड आलेलं बी मोजायचं, आकडा लिहायचा आणि बशा धुवायच्या, हा तिचा शिरस्ता. कपाट दुरुस्त करणारा येतो येतो म्हणत आला नाही. बशा ठेवायच्या कुठे, म्हणून तिने त्या खिडकीतल्या लांब कट्ट्यावर ओळीने मांडल्या. तीस झाडांच्या तीस बशा. सातव्या दिवशी तिने मोजणी केली, पण त्याच दिवशी तिला ताप भरला आणि बशा धुवायच्या राहिल्या. ती पाच दिवसांनी परत आली तेव्हा बशांमधून रोपं वर आली होती.

आणि त्यातली काही पांढरी होती.

फिकट नव्हे, पिवळट नव्हे, पांढरीच. शेजारची हिरवीगार आणि मधेच हे दुधासारखं पांढरं रोप, मान टाकायच्या बेतात. तिला ते ओळखीचं होतं. फार वर्षांपूर्वी प्रशिक्षणात सांगितलं होतं, असली रोपं आठ-पंधरा दिवस जगतात, बियातली शिदोरी संपली की मरतात. एखाद्या झाडाच्या रक्तात तो दोष दडलेला असतो. झाड एकटं असेल, जवळपास त्याच्या जातीचं दुसरं नसेल, फुलांना स्वतःचाच पराग मिळत असेल, तर तो दोष बियांत उघडा पडतो. बंद कपाटातल्या अंधारात सगळेच मोड पांढुरके दिसतात, त्यामुळे इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं.

एका झाडात निघालं असतं तर तिने टीप लिहिली असती आणि विसरली असती. तिने एक नंबरच्या बशीत मोजली. पन्नासात नऊ. दोन नंबरच्या बशीत दहा. तीन नंबरमध्ये आठ. ती तिसाव्या बशीपर्यंत मोजत गेली. एकही बशी अशी नव्हती जिच्यात पांढरी रोपं नव्हती. मग तिने पाकिटं उघडली आणि बी टेबलावर तीस ढिगांत ओतलं. एरवी तिला डोळे मिटून सांगता यायचं की हे पाच नंबरचं, हे चपटं. हे बावीसचं, हे काळपट. आता तीस ढीग एका साच्यातून काढल्यासारखे दिसत होते. शीतखोलीतल्या बरण्यांत गेल्या वर्षीचं बी होतं, तेही तसंच. आपण इतके दिवस काय बघत होतो, हे तिला कळेना. ती आकडे बघत होती. आकडे चांगले होते.

हे बी तीस झाडांचं नव्हतं, एका झाडाचं होतं.

ती साहेबांकडे गेली. साहेब नवे नव्हते, जुनेही नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तीनदा वाचणारा माणूस. तिने एक बशी नेली होती. साहेबांनी चष्मा काढून ती बघितली.

"पांढरी निघतात कधी कधी," ते म्हणाले.

"तीसच्या तीस बशांत?"

"हवेचा परिणाम असेल. तुमचं कपाट बिघडलंय."

"कपाट बिघडल्याने झाडाची जात बदलत नाही साहेब."

साहेबांनी चष्मा परत लावला. "हे बघा, तीस वाण सुरक्षित आहेत असा अहवाल वर गेलाय. तुमचं आणि त्यांचं घरात पटत नाही, हे अख्ख्या केंद्राला माहीत आहे. उद्या लोक म्हणतील दिराचा काटा काढला. चाचणीचा कागद सही करून पाठवा. पुढच्या वर्षी बघू."

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "दादांना बोलवा आणि विचारा. नाहीतर आत्ता जीप काढा आणि त्यांना म्हणा, पाच नंबर दाखवा."

साहेबांना टाळता आलं असतं, पण ती दारात तशीच उभी राहिली आणि तिचा आवाज बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकला होता. दादांना निरोप गेला. ते आले, सगळं ऐकलं, तिच्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, "चला. आत्ताच चला. आणि तिलाही घ्या, डोळे फाडून बघू दे."

जीपमध्ये दादा पुढे बसले होते, ताठ. पाच नंबरची टेकडी आली तशी चालकाने गाडी थांबवली. वर चढायला वाट अशी नव्हती, नुसती घसरती खडी. दादा उतरले आणि चालू लागले. पहिली वीस-पंचवीस पावलं त्यांनी नेहमीसारखी टाकली. मग पावलं आखूड झाली. मग ते एका पायाने चढून दुसरा पाय ओढून घेऊ लागले. मागून येणाऱ्या साहेबांनाही ते दिसलं. शंभर पावलांवर दादा एका दगडावर बसले आणि गुडघ्यावर दोन्ही हात दाबून धरले. टेकडी अजून पाऊणच्या वर बाकी होती.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"चार वर्षं," दादा म्हणाले.

"मग शेंगा कुठल्या?"

"पंपहाऊसजवळ एक बाभूळ आहे, रस्त्याला लागून. तिथल्या." ते थांबले. "गाडीतून उतरायलासुद्धा लागत नाही फारसं. काठीने झोडल्या की पडतात."

मग बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे वळून, तिलाच उद्देशून बोलायला सुरुवात केली. आवाज चढला नव्हता. "तुला माहीत होतं. भिंतीपलीकडून मलमाचा वास येत होता ना? जिन्यावर माझं पाऊल ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता."

"मी बोलत नव्हतो. तू तर बोलायला मोकळी होतीस. सगळ्या जगाला बोलतेस." त्यांनी खाली थुंकल्यासारखं केलं, पण थुंकले नाहीत. "पायाचं सांगितलं असतं तर यांनी मला दुसऱ्या दिवशी फाटकावर बसवलं असतं. तुला तेच हवं होतं."

तिला उत्तर सुचलं होतं, चांगलं झोंबणारं होतं. ती बोलली नाही. दया आली म्हणून नव्हे. त्या क्षणी तिला दुसरंच काही आठवलं होतं. चार वर्षांपूर्वी दादांनी पहिल्यांदा हे खोटं बी आणलं, ते चाचणीत पास झालं, तेव्हा नियमाप्रमाणे जुनं, खरं बी बरण्यांतून काढून रोपवाटिकेच्या एका पोत्यात ओतलं होतं. तीसच्या तीस बरण्या तिने स्वतःच्या हाताने रिकाम्या केल्या होत्या, घासून उन्हात वाळवल्या होत्या. पोत्यात सगळं एकत्र झालं, रोपं झाली, वाटली गेली. कुठलं कुणाचं ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

दादांना फाटकावर बसवलं. निलंबन व्हायला हवं होतं, पण निलंबन झालं की चौकशी होते आणि चौकशी झाली की अहवालावर कुणी सही केली होती तेही निघतं, म्हणून साहेबांनी प्रकरण बदलीवर मिटवलं. दादा त्याच केंद्राच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ वहीत लिहायची, एवढं काम. ती रोज आठाच्या ठोक्याला यायची, आणि ते रोज आठ वाजून एक मिनिट लिहायचे. महिनाअखेरीला तिच्या नावापुढे बावीस लाल खुणा. तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या महिन्यापासून ती पावणेआठला येऊ लागली. दादा पावणेआठ वाजून एक मिनिट लिहू लागले. आता ते लाल होत नव्हतं, तरी लिहायचे.

घरी तर दोन्ही कुटुंबांत विस्तव जात नव्हता. जाऊबाई आधी निदान हो-नाही एवढं बोलायच्या, त्याही बंद झाल्या. सकाळी नळाला पाणी यायची वेळ साडेसहा ते सात. जाऊबाई सव्वासहाला नळाखाली पहिली बादली लावून ठेवायच्या आणि सात वाजेपर्यंत घरातली सगळी भांडी, अगदी वाट्यासुद्धा, भरून घ्यायच्या. एकदा तिने त्यांची बादली उचलून बाजूला ठेवली आणि आपली लावली. जाऊबाईंनी तिची बादली उचलली, अंगणात उपडी केली आणि म्हणाल्या, "ज्याने तुला पायावर उभं केलं त्याचे पाय गेले, तर तू जगाला ओरडून सांगितलंस. पाणीसुद्धा तुला बाहेरून आणायची वेळ आली पाहिजे."

नवऱ्याने जेवताना विषय काढला. "घरातली गोष्ट होती. आधी घरात सांगायची होतीस."

"बी घरातलं नव्हतं."

"दादा तर घरातले होते ना."

तिने ताट सरकवलं. तो म्हणाला, "खा," आणि तोही उठला.

आता तीस झाडांकडे कुणीतरी जायला हवं होतं आणि संकलकाची जागा रिकामी होती. नवा माणूस येईपर्यंत साहेबांनी तिलाच जायला सांगितलं. ते बक्षीस नव्हतं. त्यांच्या आवाजातच ते ऐकू आलं: तुम्हीच शोधून काढलंत, तुम्हीच निस्तरा. बावन्न वर्षांची ती बाई, आयुष्यभर खुर्चीत बसून बी मोजलेली, वही घेऊन रानात जाऊ लागली. वहीत झाडांचे पत्ते होते ते दादांच्या हातचे, म्हणजे पत्ते नव्हतेच: 'ओढ्याचं वळण, डावीकडे', 'पडक्या भिंतीच्या मागे', 'जिथे वाट दुभंगते'. कुठला ओढा, कुठली भिंत, ते दादांच्या डोक्यात. तिने नवऱ्यामार्फत विचारलं. भिंतीपलीकडून उत्तर आलं, मुद्दाम मोठ्याने, "तिला म्हणावं, चिमटीने शोध."

तिने शोधलं. तीन महिने लागले. टाचा फुटल्या, एकदा घसरून मनगट सुजलं, एकदा वाट चुकून ती दिवसभर एकाच टेकडीला फेऱ्या मारत राहिली. तिसातल्या एकोणीस बाभळी सापडल्या. पाच नंबर होती, अकरा नंबर होती. उरलेल्या अकरांच्या जागी बुंधे होते किंवा तेही नव्हते. लोकांनी तोडल्या होत्या, कुंपणाला, जळणाला. आधी दरवर्षी केंद्राचा माणूस येतो, शेंगा नेतो, पट्टा रंगवतो, तेव्हा हे झाड कुणाचं तरी आहे असं लोकांना वाटायचं. चार वर्षं कुणी आलं नाही. पट्टे पुसट झाले आणि मग झाड झाड राहिलं नाही, लाकूड झालं.

सतरा नंबर त्या अकरांत होती.

खारपडीच्या कडेला एका शेळीवालीचं घर होतं. सडपातळ, उन्हाने रापलेली, कंबरेला कोयता खोचलेली बाई. चिमटी वही घेऊन पुढे झाली आणि केंद्राचं नाव घेतलं, तशी शेळीवाली दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"इथे पाच-सहा बाभळी होत्या," चिमटी म्हणाली. "एकीवर पिवळा पट्टा होता."

"होत्या. दोन वर्षं झाली, तोडल्या."

"का तोडल्या?"

"माझ्या जागेत होत्या म्हणून." तिने कोयत्यावर हात ठेवला, धमकी म्हणून नव्हे, सवयीने. "तुमचा तो लांब ढांगांचा माणूस यायचा, पोतं भरून शेंगा न्यायचा. माझ्या शेळ्यांच्या तोंडचं. मी काही बोलले नाही. म्हणाला होता, यांचीच रोपं तुला आणून देईन, खाऱ्या जमिनीत टिकणारी. आणून दिली, पण ती ऑफिसची गाडी घेऊन कुणीतरी दुसराच आला. चाळीस रोपं. खड्डे मी खणले, पाणी मी वाहिलं. वितभर वाढली आणि एकेक करून सगळी वाळली. ती यांची नव्हतीच. आपल्या शेंगांचं रोप मला कळत नाही का?"

"नव्हती," चिमटी म्हणाली. "दुसऱ्याच झाडाची होती. आम्ही फसवलं तुम्हाला."

शेळीवालीला हे अपेक्षित नव्हतं. पण त्याने ती मवाळ झाली असं नाही. "मग आता काय न्यायला आलात? बुंधा?"

चिमटी इकडेतिकडे बघत होती. घराच्या मागे शेळ्यांचा वाडा होता आणि वाड्याला लागून लेंड्यांचा जुना ढीग, कमरेएवढा, वरून ओला आणि खालून वाळून दगड झालेला. शेळ्या शेंगा खातात, गर पचतो, कठीण बी तसंच बाहेर पडतं. हे तिला पुस्तकातून नव्हे, चोवीस वर्षं बी साफ करून माहीत होतं.

"ढीग कधीपासूनचा आहे?"

"घर बांधलं तेव्हापासूनचा."

"मला त्यातलं बी वेचायचंय."

"ते खत आहे. माझं आहे."

"खत तुमचंच राहील. मी चाळून परत तिथेच टाकते."

"आणि रोपं झाली की तुमच्या ऑफिसची."

"पहिली रोपं तुमची. मग ऑफिसची."

"आधीही असंच म्हणाले होते." शेळीवाली दारातून बाजूला झाली नाही, पण बोट वाड्याकडे दाखवलं. "चाळ. माझ्या डोळ्यांसमोर. शेळ्या यायच्या आत आटपायचं. आणि ही रोपं मेली तर परत इकडे पाऊल टाकायचं नाही, तू नाही आणि तुझा साहेब नाही."

चार दिवस ती तिथे चाळणी घेऊन बसली. शेळीवाली दारात हाताची घडी घालून बघत राहिली. एकदाही पाणी विचारलं नाही. पहिल्या दोन दिवसांत वरच्या थरात नुसता चुरा आणि भुंग्याने पोखरलेलं बी. तिसऱ्या दिवशी तिने खालचा, दगड झालेला थर फोडला. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा बी जमलं. त्यातलं भोक नसलेलं, दाबलं तरी न फुटणारं, चौसष्ट.

केंद्रात तिने प्रत्येक बियाची टोकाची चकती नेलकटरने कापली, कारण तसं केल्याशिवाय त्या टणक सालीतून पाणी आत जात नाही. बशा कपाटात ठेवल्या नाहीत, खिडकीत ठेवल्या. कपाट तोवर दुरुस्त झालं होतं. सहाव्या दिवशी मोड आले. बाराव्या दिवशी एक्केचाळीस रोपं उभी होती. तिने प्रत्येक रोपाचं पान भिंग लावून बघितलं. सगळी हिरवी होती. ती खुर्चीत मागे टेकली आणि बराच वेळ काहीच केलं नाही, आणि दारातून जाणाऱ्या शिपायाने तिला रिकामी बसलेली बघून दुसऱ्याला बोलावून दाखवलं.

साहेब खूश झाले. खरं तर त्यांची सुटका झाली होती. "छान. वहीत लिहा, सतरा नंबर, पुनर्प्राप्त. गेलेल्या अकरांतलं एक तरी परत आलं असं वर कळवता येईल."

"सतरा नंबर नाही लिहिता येत," ती म्हणाली.

"का? तिथलंच आहे ना?"

"तिथे पाच-सहा बाभळी होत्या. शेळ्या कुठलीही शेंग खातात. यातलं सतराचं किती आणि शेजारच्या झाडाचं किती, ते मला माहीत नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"पंपहाऊसच्या झाडाचंही कुणाला कळणार नव्हतं."

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी वही तिच्याकडे ढकलली. "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते." तिने नवीन पान घेतलं. नंबर एकतीस. ठिकाण: खारपड, शेळ्यांच्या वाड्यातलं बी. आईझाड: माहीत नाही. सतरा नंबरच्या पानावर तिने एकच ओळ लिहिली, झाड तोडलेलं, बी शिल्लक नाही, आणि खाली सही केली. मग उरलेल्या दहा पानांवर, ज्या झाडांचं काहीच परत येणार नव्हतं, तीच ओळ दहा वेळा लिहिली. त्या अकरा बरण्या रिकाम्या करणारा हात तोच होता, हे वहीत कुठे लिहायची जागा नव्हती. दादांच्या खोटेपणाइतकंच तिला त्याचं ओझं होतं, आणि ते ती कुणाजवळ बोलली नाही, कारण ज्यांच्याजवळ बोलता आलं असतं त्यातल्या कुणाशीच तिचं बोलणं उरलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात ती बारा रोपं घेऊन शेळीवालीकडे गेली. शेळीवालीने एकेक रोप पिशवीतून काढून मुळं बघितली, दोन नाकारली. "ही वाकडी आहेत." ती दोन चिमटीने परत घेतली. खड्डे तिनेच खणले, काटेरी कुंपणही तिनेच घातलं. शेळीवालीने जागा दाखवली, तेवढंच.

दादा त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला साहेबांनी चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा दादा उभे राहून म्हणाले की मी वीस वर्षं प्रत्येक झाडाला हात लावलेला आहे, हे कुणी विसरू नये. ते खरं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. ती मागच्या रांगेत बसली होती, टाळ्या वाजल्या तेव्हा तिने हात मांडीवरच ठेवले.

वर्षभराने ती खारपडीवर गेली. दहातली सात रोपं उभी होती. एक शेळीने खाल्लेलं, दोन वाळलेली. उभी होती ती गुडघ्याच्या वर आलेली, काटे धरलेली, आणि खालच्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर तसाच होता. तिने पट्टीने प्रत्येकाची उंची मोजली आणि वहीत लिहिली. पाठीमागे शेळ्यांचा आवाज वाढला. शेळीवाली वाड्याच्या दाराशी उभी होती, कडी हातात.

"मोजून झालं असेल तर निघा," ती म्हणाली. "शेळ्या सोडायच्यात."

चिमटीने सातवं रोप मोजलं, आकडा लिहिला आणि कुंपणाची सैल झालेली फांदी आत सरकवून ठेवली. मग ती रस्त्याला लागली.